पाठमोरा जावई

स्टँडिंग रॉक, वरचा माळ
६ मे १९६१

फिलोमीन,

बोलतेय मी, लिहितेय डेलिया. तुला गोऱ्यांच्या शाळेच्या गाडीत कोंबलं तेव्हा मी आजीच्या गोधड्यांखाली लपले होते, म्हणून तुला अक्षरं आली आणि मला आली नाहीत. त्या बदल्यात मला आजीची टेकडी पाठ आहे. फिट्टंफाट.

ही लेक माझं बोलणं गाळते असा मला संशय आहे. मी ऐसपैस काही बोलले की हिची पेन्सिल दोन उड्या मारून थांबते. अक्षर कळत नसलं तरी लांबी कळते मला. तेव्हा वाचताना कुठे तुटक वाटलं तर समजून घे, तिथे मी काहीतरी चांगलं बोलले होते.

(मी काही गाळत नाही, धाकटी आई. — डेलिया)

नदीला बांध घातला, खालचं खोरं पाण्यात गेलं आणि आम्हाला इथे वर माळावर आणून ठेवलं, हे तुला माहीत आहे. घर म्हणजे एक खोली, मध्ये ब्लँकेटचा पडदा. अलीकडे मी आणि चूल, पलीकडे डेलिया आणि तिचा नवरा. त्याचं नाव एम्ब्रोझ. हे तुला सांगतेय. त्याला मी कधी हाक मारलेली नाही, मारणारही नाही. सासूने जावयाचं तोंड बघू नये, त्याने तिचं बघू नये, एकमेकांशी बोलू नये. यातच मान आहे, आणि मी मान राखणारी बाई आहे. गेल्या पानगळीत लग्न झालं तेव्हापासून हा माणूस घरात आहे आणि मला त्याचे फक्त बूट ओळखता येतात. डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलीय. पाठ रुंद आहे. तोंड कसं आहे ते डेलियाला विचार. ती म्हणते, बरं आहे. पण नव्या नवरीची साक्ष कोण धरतं?

आता मुद्द्याचं. हा रोज सकाळी कामावर जाण्याआधी पोतं आणि खणायची काठी घेऊन आपल्या टेकडीकडे जातो. जाताना पोतं फुगलेलं, येताना रिकामं. डेलियाने विचारलं तर म्हणतो, वेळ आली की दिसेल. मला आत्ताच दिसतंय. माझे डोळे जवळचं नीट दाखवत नाहीत, पण लांबचं ससाण्यासारखं दाखवतात. पोत्यात गवत कोंबून न्यायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हा काही आणायला निघालेला नाही. वर जाऊन आपली तिम्प्सिला खणायची, कंद पलीकडच्या उतारावर कुणाच्या तरी हवाली करायचे, गवत वाऱ्यावर सोडायचं आणि रिकामं पोतं खांद्यावर टाकून साळसूदपणे घरी. पलीकडच्या उतारावर कोण असतं? तो पांढऱ्या हॅटवाला, जो स्वतःची गुरं आपल्या टेकडीवर सोडायला कधीचा टपलाय. परवा मी पाहिलं, दोघं काटेरी तारेच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत होते. हॅटवाल्याने टेकडीकडे हात केला. आपल्या शहाण्याने मान डोलावली. मग हातात हात.

एकदा गुरं चढली की टेकडी संपली. खालची तिम्प्सिला पाण्याने खाल्ली, आता वरची तेवढी राहिलीय.

डेलियाला मी बजावलंय. खणायच्या महिन्यापर्यंत थांबते. टेकडीला हात लागलेला दिसला तर याचं खोगीर दाराबाहेर. खोगीर बाहेर दिसलं की नवऱ्याने काय समजायचं ते समजावं. आपल्या आजीने दोन नवरे असेच वाटेला लावले. घर माझं आहे. लिहिलंस का गं?

(लिहिलं.)

बाकी बरं आहे. दारातली पायरी डुगडुगते, एक दिवस मी तोंडावर पडणार. दुकानातलं डब्यातलं मांस खाऊन जीभ पत्र्याची झालीय. माळकोंबडीचा रस्सा शेवटचा कधी खाल्ला ते आठवत नाही. टेकडीमागे माळकोंबडे मात्र रोज पहाटे पाय आपटून नाचतात, मला चिडवायला.

तुझी बहीण,
रोझाली


रॅपिड सिटी
१५ मे १९६१

ताई,

पत्र इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या ढिगावर बसून वाचलं. माझ्या शेजारणीने विचारलं, कोण मेलं? म्हटलं, अजून कुणी नाही, पण बहिणीने तयारी चालवलीय.

पांढऱ्या हॅटवाल्यांचं मला सांगू नकोस. ते हातात हात देतात तेव्हा दुसरा हात कुठे आहे ते बघावं. आणि आपला हा जावई दक्षिणेकडचा. तिकडची माणसं गोड बोलतात म्हणे. हा तर बोलतच नाही, म्हणजे त्याहून वाईट.

त्या टेकडीत माझाही वाटा आहे. मी त्याला दोन ओळींत सरळ केलं असतं, पण काय करू, आपल्यात आईची बहीण म्हणजे आईच. मीही त्याची सासू. मला त्याला पत्रसुद्धा टाकता येत नाही.

तू घरात बसून तर्क लढवू नकोस. वर जा. टाच झिजलीय म्हणालीस ना? मग ठसे बघ. अंदाजाने खोगीर बाहेर काढलंस तर लोक तुला हसतील, आणि ठसे दाखवून काढलंस तर त्याला.

फिलोमीन

ता. क. डेलिया, मन लावून लिही. काही गाळू नकोस.


वरचा माळ
२८ मे १९६१

फिलोमीन,

गेले होते वर.

जांभळी फुलं सरली, आता कुसळी गवत मांडीपर्यंत आलंय. चढताना परकराला एवढी कुसळं लागली की मी साळिंदर होऊन पोचले. वर पिवळ्या छातीचा चंडोल खुंटावर बसला होता. तो आपल्याच भाषेत बोलतो हे तुला शहरात राहून आठवतंय की नाही? मला बघून ओरडला, ‘आली बघ, आली बघ.’ कुणाला सांगत होता? तेवढ्यात गवतातून एक पाठ उठली आणि धावत सुटली. रुंद पाठ. हातात काठी. टोपी तोंडावर ओढलेली. एकदाही मागे न बघता कडा ओलांडून पलीकडे गडप.

डेलिया म्हणते, ‘आई, तू दिसलीस म्हणून तो बाजूला झाला. तोंड समोर येऊ नये म्हणून. मान राखला त्याने.’

असेल बाई. पण मान राखणारा जावईही पाठ दाखवून पळतो आणि चोरही पाठ दाखवूनच पळतो. नुसत्या पाठीवरून ओळखायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

ठसे त्याचेच, झिजलेल्या टाचेसकट. आणि खड्डे. छोटे छोटे, माती परत ओढून हाताने दाबलेली. एक उकरला. आत काही नाही, वर फक्त चिमूटभर तंबाखू. दुसऱ्यावर तंबाखू, तिसऱ्यावर तंबाखू. अगं, जमिनीतून काही घेतलं की तंबाखू ठेवावी हे आपल्याला आजीने शिकवलं, पण ते आपल्या टेकडीसाठी. हा दुसऱ्याच्या टेकडीवर पाया पडून चोरी करतो. असा भाविक चोर मी पहिल्यांदाच पाहिला.

आता पुढचं ऐक. तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर माळकोंबडी. साफ केलेली, पिसं काढलेली. संध्याकाळी पाऊल टाकलं तर पायरी हलेना. खाली दगड बसवलेत, बाजूला खिळे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. तोंड गप्प ठेवायला लाच.

रस्सा केला. चांगला झाला होता. लाच आहे म्हणून कोंबडी वाईट लागत नाही.

चोकचेरीची झुडपं फुललीत, माळावर गोडसर वास येतो. खोऱ्यातल्या चेरीची सर नाही याला. गेल्या वर्षीच्या वाळवलेल्या वड्यांतली एकही उरली नाही माझ्याकडे, नाहीतर चेरीची दाट गोड वोझापी शिजवली असती. कुणाकडे असतील कुणास ठाऊक.

रोझाली


रॅपिड सिटी
५ जून १९६१

ताई,

एक सांग. कोंबडी हवी असं तू मला सांगितलंस. पत्र माझ्या हातात पडायला पाच दिवस लागले. कोंबडी दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात. तू त्याच्याशी बोलत नाहीस. मग त्याला कुणी सांगितलं?

मला तरी एकच बाई दिसते. तिच्या हातात पेन्सिल आहे आणि आत्ता हे ती तुला मोठ्याने वाचून दाखवतेय. डेलिया, राग मानू नकोस, पण इकडची बातमी तू तिकडे नेतेस असा मला दाट संशय आहे. उद्या टेकडीवर कोण कधी जाणार हेही त्याला असंच आधी कळत असेल.

ताई, चोरावर नजर ठेवतेस तशी कारकुनावरही ठेव.

फिलोमीन

ता. क. चेरीच्या वड्या आल्या का दारात? आल्या असतील तर मला कळव.


वरचा माळ
१४ जून १९६१

फिलोमीन,

आल्या. पिठाच्या पिशवीत बांधलेल्या, दक्षिणेकडच्या पद्धतीने, जाड. मी वोझापी शिजवली.

डेलियाला विचारलं. ती म्हणाली, ‘मी एक अक्षर सांगितलेलं नाही.’ मी म्हटलं, ‘मग काय चूल सांगते?’ ती म्हणाली, ‘चुलीलाच विचार.’ हिला माझं तोंड मिळालंय, तिच्या बापाचं मिळालं असतं तर बरं झालं असतं.

काल तिम्प्सिला खणायला गेलो. निळी फुलं आलीत, आता नाही खणली तर शेंडे तुटून वाऱ्यावर जातील आणि मग खाली कंद कुठे आहे ते कुणाच्या बापाला सापडायचं नाही. पूर्वी आपण गुडघे टेकले की उठायच्या आत परडी भरायची. काल अख्ख्या अलीकडच्या उतारावर वाळवायला कंद गुंफून जेमतेम एक वेणी झाली, तीही हातभर. पोरींच्या केसांची घालतात तेवढीशी. आणि जिकडे बघावं तिकडे त्याचे ते दाबलेले खड्डे.

मला आणखी काय पुरावा हवा होता? घरी आले. पडद्यामागून खोगीर ओढलं आणि पायरीवर नेऊन ठेवलं. जड आहे मेलं. पायरी हलली नाही, एवढं खरं.

तो कामावरून आला. मी चुलीकडे तोंड करून बसले. बूट पायरीपाशी येऊन थांबले. मग वळून गोठ्याकडे गेले. खोगीर त्याने उचललं नाही. निघूनही गेला नाही. आज सकाळी पुन्हा पोतं घेऊन टेकडीकडे. निर्लज्जपणाला काही हद्द? तुझं मत कळव.

डेलिया माझ्याशी बोलत नाही. लिहितेय मात्र. पेन्सिल एवढी दाबतेय की कागद फाटेल.

रोझाली

धाकटी आई, आईला वाटतंय मी आता पत्ता लिहितेय, म्हणून घाईत लिहिते. मी त्याला काही सांगत नाही. सांगायची गरज काय? आई पत्र सांगते तेव्हा तिच्या आवाजाने कुंपणाजवळचे घोडे माना वर करतात, आणि तो चार हातांवर पडद्यामागे बसलेला असतो. तुझी पत्रंही मी वाचते तेव्हा तो असतोच. पोत्यात काय आहे ते मला माहीत नाही. म्हणतो, तोंडातून आधी निघालं तर मातीतून निघत नाही, असं त्याची आजी म्हणायची. मीही आता त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागलेय, आणि ते मला सहन होत नाही. खोगीर मी आत आणणार नाही, घर आईचं आहे. पण पुढच्या रविवारपर्यंत ते तिथेच राहिलं तर तो जाईल. आणि त्याच्यामागे मी जाईन. आईला हे ठाऊक नाही. — डे.


रॅपिड सिटी
१९ जून १९६१

डेलिया, हे पत्र घरात वाचू नकोस. पायरीवर उभी राहा आणि गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असं वाच. ताई, तू खुर्ची दारात घेऊन बस.

हे पत्र मी माझ्या जावयाला लिहीत नाही. तसं करणं मला शोभणार नाही. हे पत्र त्या खोगिराला आहे. खोगिराशी बोलू नये असं आपल्या आजीने कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

तर खोगिरा, ऐक. तू पायरीवर का बसलायस ते तुला माहीत आहे. या घरातली म्हातारी म्हणते, तुझ्या मालकाने आमची टेकडी पोखरली आणि हॅटवाल्याला विकायला काढली. मी इतक्या लांबून तिला साथ दिली, कारण मलाही संशय घ्यायला आवडतो आणि इथे दिवसभर चादरी धुताना दुसरं काही करायला नसतं. पण मला एक कळत नाही. चोराला कोंबडी द्यायची असती तर त्याने ती पाहुण्यासारखी समोरून दिली असती, चार लोकांना दिसेल अशी. तुझ्या मालकाने पिसंसुद्धा काढून ती गुपचूप उंबऱ्यावर ठेवली. तेव्हा तुला तोंड नसलं तरी तुझ्यावर जागा आहे. त्या पोत्यात जे काही असतं ते उद्या सकाळी तुझ्यावर ठेवलेलं असू दे. बोलायचं काही नाही. तोंडातून काही निघायला नको.

आता ताई, तुला. मी तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. पायरी, रस्सा, चेरी. मी दोनशे मैलांवरून तुझ्या पायरीला खिळे मारणार होते का? तू हे सगळं मला कशाला सांगत होतीस? तू पत्र मला लिहीत नाहीस, ताई. माझा नुसता पत्ता वापरतेस.

आणि आजीचे दाखले देऊ नकोस. आजीने खोगिरं बाहेर काढली ती तिच्या स्वतःच्या नवऱ्यांची. लेकीच्या नवऱ्याचं खोगीर एकटं जात नसतं.

फिलोमीन


वरचा माळ
२६ जून १९६१

फिलोमीन,

तुझं पत्र वाचून झालं तेव्हा माझी लेक पायरीवर उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. शेवटच्या ओळीला तिचा आवाज हलला. तेव्हा मला कळलं. अक्षर येत नसलं म्हणून काय झालं, आवाज वाचता येतो मला. मागच्या पत्रात पत्ता लिहायला तिला फार वेळ लागला होता, तोही आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं खोगिरावर होतं. मी पोत्याचं तोंड सोडलं. आत गवत नव्हतं. तिम्प्सिलाचे वाळके शेंडे होते, गेल्या वर्षीचे. केसाळ, पिचलेले, आणि कुठे कुठे काटेरी तारेचा गंज लागलेला. डेलियाने एक हातावर चोळला. काळसर बी पडलं.

तुला कळलं की नाही? मला लगेच कळलं. दर उन्हाळ्यात आपल्या टेकडीवरचे शेंडे तुटतात, वारा त्यांना लोळवत नेतो, आणि आपण म्हणतो, गेले. पूर्वी ते माळभर जाऊन रुजायचे. आता जातात आणि हॅटवाल्याच्या तारेला अडकतात. हा माणूस त्याच तारा दुरुस्त करायच्या कामावर. डेलियाने मग त्याला विचारलं, हात मिळवला होता तो एवढ्यासाठी, की तारेवरचा कचरा काढला तर चालेल ना. हॅटवाला म्हणाला, खुशाल काढ. आपलंच बी वाऱ्याने पळवलेलं, हा पोतं भरून परत आणत होता, आणि मी मोजत बसले होते ते खड्डे, घेतल्याचे समजून.

जमिनीला काही दिलं तरी तंबाखू ठेवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

वर गेले, डेलियाला घेऊन. तो होताच, आणि आम्हाला बघून पळालाही. या वेळी मी त्याच्या पाठीकडे नीट बघितलं. पळताना वाकडा वळसा घालत होता, दाबलेल्या मातीवर पाय पडू नये म्हणून. मीच सरळ तुडवत आले होते.

मी गुडघे टेकले. जवळचं मला दिसत नाही, तेव्हा बोटांनी चाचपलं. पलीकडच्या उतारावर, पानगळीत पेरलेल्या खड्ड्यांत. पाच बोटांचं पान, लव असलेलं, माझ्या नखाएवढं. डेलिया म्हणाली, ‘इथे एक. इथे एक. आई, हात जपून टेक.’ सगळे नाही उगवले. बरेच नाही उगवले. एक खड्डा मीच त्या दिवशी उकरला होता, त्यात काही नाही. चंडोल खुंटावरून बोलत होता. काय म्हणाला ते मी तुला सांगणार नाही.

खोगीर मी एकटीने आत आणलं. डेलिया हात लावायला आली तर तिला म्हटलं, बाहेर मी काढलं, आत मी आणणार. चामडं दवाने कडक झालं होतं, चरबी लावून मऊ केलंय आणि त्याच्या जागेवर ठेवलंय. यंदाची हातभर वेणी आहे ना, तीही पडद्याच्या पलीकडच्या बाजूला टांगली. थंडीत त्याच रश्श्यात पडणार आहे, कुठेही टांगली तरी.

लेक पुन्हा बोलायला लागलीय. रविवार येऊन गेला. तिने पेटी बांधली होती हे मला माहीत नाही, आणि सोडली हेही माहीत नाही.

आता तू म्हणतेस की मी तुझा नुसता पत्ता वापरते. खोटं आहे. मी तुलाच लिहिते, आणि तुलाच सांगतेय, की उत्तरेकडच्या खिडकीची फट हिवाळ्याआधी बुजायला हवी. चुलीचा धूर परत आत येतो. तिम्प्सिला लावल्यापासून खणण्याजोगी व्हायला कितीतरी उन्हाळे जावे लागतात, आणि तोवर टेकडीवर रोज जाणारं कुणीतरी घरात असावं लागतं, म्हातारीच्या गुडघ्यांचा भरवसा नाही. त्यामुळे ज्याने पेरलंय त्याने ते उगवून, फुलून, खणून होईपर्यंत कुठे जायचा विचार करू नये. आणि पुढच्या वेळी मी वर आले की एवढं जोरात पळू नये. उतारावर बिज्जूची बिळं आहेत, पाय मोडेल. नुसती पाठ फिरवली तरी माझा मान राहतो.

हे सगळं मी तुला सांगतेय, फिलोमीन. आवाज मोठा वाटला तर तू लांब आहेस म्हणून.

आत्ता पडद्यामागे कुणीतरी हसलं. मी ऐकलं नाही. डेलिया, हे लिहू नकोस.

(लिहिलं.)